टायरमधला काटा

माझ्या मायच्या हातून काटा कधी मोडत नाही. शिरूर अनंतपाळला आमच्या गल्लीत कुणाच्या पायात बाभळीचा काटा गेला की तो माणूस लंगडत येऊन मायच्या ओट्यावर बसायचा. माय त्याची टाच मांडीवर घ्यायची, बांगडीत अडकवलेली पिन काढायची आणि इकडच्या तिकडच्या गोष्टी बोलता बोलता काटा सबंध बाहेर आणायची. मग वर बिब्ब्याचा चटका. "काटा आत ठेवू न्हाई," ती म्हणायची. "आत ऱ्हायला की कुरूप होतंय." हे मी लहानपणापासून ऐकत आले. म्हणून सासरी नांदेडला पहिल्यांदा उलटं ऐकलं तेव्हा मला ते पटलं नाही.

उलटं सांगितलं आमच्या वळणावरच्या पंक्चरवाल्या चाचांनी. माझ्या मुलीच्या सायकलच्या मागच्या चाकात एक खिळा रुतलेला होता. मी तो उपटायला हात घातला तर ते दुकानातून ओरडले, "नक्को भाभी, नक्को! खिल्ला निकालो नक्को. ये खिल्लेनेच तो टायर को दुकान तक लाया!"

मग त्यांनी समजावून सांगितलं. या टायरला आत ट्यूब नसते. टायरमध्येच हवा भरायची आणि आत थोडा पांढरा पातळ चीक सोडायचा, रुईच्या चिकासारखा. सीलंट म्हणतात त्याला. काटा घुसला की चीक त्याच्याभोवती जमतो आणि भोक धरून ठेवतो. काटा वाटेत उपटला तर भोक उघडं पडतं. तो घरी आल्यावर काढायचा, चीक आणि पंप हाताशी असताना.

सायकल घ्यायच्या आधी माझी मुलगी लातूरला डॉक्टरकीच्या परीक्षेच्या क्लासला होती. आमच्या नांदेडच्या गल्लीतून तिकडे गेलेली ती पहिली मुलगी. विहारात बायका मला पुढे बसवायच्या, आणि मी मागे बसणारी बाई, मला ते जड जायचं. पहिल्या वर्षी मार्क कमी पडले. दुसऱ्या वर्षी आणखी कमी पडले. त्यानंतर एके दिवशी हॉस्टेलच्या बाईंचा फोन आला. "मुलीला घेऊन जा. आजच या. आणि तिला एकटं सोडू नका." याच्या पुढे त्या काही बोलल्या नाहीत, आणि मी विचारलं नाही. विचारायची गरजही नव्हती.

मी आणि हे एसटीने गेलो. येताना ती खिडकीशी बसली. तिच्या ओढणीचं टोक मी नांदेड येईपर्यंत मुठीत धरून ठेवलं होतं. तिला ते कळलं की नाही, मला माहीत नाही.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि दोन गोष्टी सांगितल्या. एकटं सोडू नका, आणि सारखं काय झालं काय झालं म्हणून विचारू नका. या दोन गोष्टी एकाच वेळी कशा करायच्या ते त्यांनी सांगितलं नाही. मी दारापाशी झोपायला लागले. ती घरात असायची, पण बोलायची नाही. "जेवतेस?" म्हटलं की "हं." "चहा ठेवू?" म्हटलं की "नको." तिच्या बापाला रेल्वेच्या गँगमध्ये दिवसभर रुळावर उन्हात काम. ते घरी आले की तिच्या समोर बसायचे आणि दोघंही भिंतीकडे बघायची.

मग एक दिवस तिने स्वतःहून काहीतरी मागितलं. "मला सायकल पाहिजे."

दुकानात आम्ही तिघंही गेलो. दुकानदाराने आधी टोपलीवाली गुलाबी सायकल काढली. मग म्हणाला, "ही बघा ताई, दोन दोन शॉकप, पुढं बी मागं बी. गादीवर बसल्यावानी वाटंल." आणि माझी मुलगी बोलायला लागली. "मागचा शॉकप नुसतं वजन आहे. चढाला पेडल मारलं की ताकद त्या स्प्रिंगमध्येच जाते. मला पुढं एकच पाहिजे. डिस्क ब्रेक पाहिजे. आणि टायर ट्यूबलेस करता येईल असा रिम." मला त्यातलं काही कळलं नाही. मी फक्त ती बोलतेय एवढंच ऐकत होते. ह्यांनी माझ्याकडे बघितलं आणि पटकन मान दुसरीकडे फिरवली.

शेवटी दुकानाच्या मागच्या बाजूला टांगलेली एक जुनी माउंटन सायकल तिने निवडली. कुणा साहेबाची बदली झाल्यावर तो ती विकून गेला होता. तिने मधल्या दांडीवरून पाय टाकून, दोन्ही पाय जमिनीला टेकवून बघितलं आणि दांडी आणि स्वतःच्या मध्ये मूठभर जागा राहते का ते पाहिलं. "उंचीला बसते," म्हणाली. नवऱ्यामुलाच्या उंचीची चौकशी होते ना, तशी त्या दिवशी आम्ही सायकलच्या उंचीची केली.

ती आधी घराभोवती फिरायची. मग गोदावरीच्या पुलापर्यंत जायला लागली. मग शहराबाहेर, माळाच्या वाटांनी. डॉक्टर म्हणाले होते एकटं सोडू नका, आणि सायकलीला एकच सीट असते. ती गेली की परत येईपर्यंत माझं कुठल्याच कामात लक्ष लागायचं नाही. एकदा हे मोटारसायकलवर लांबून तिच्या मागे गेले. तिने वळून बघितलं, तिथूनच सायकल घरी आणली आणि त्यानंतर कितीतरी दिवस तिला हात लावला नाही. पुन्हा ते मागे गेले नाहीत.

शेजारणी नळावर बोलायच्या. "डाक्टर व्हायला गेली अन् सायकलवाली होऊन आली." दुसरी म्हणायची, "बरं हाय की बाई, हवाच तपासायची ना, छातीतली न्हाई तर चाकातली." मी घागर उचलून घरात यायची. उत्तर आत आल्यावर सुचायचं.

तिच्याजवळ बसायला मला एकच जागा सापडली होती, ती म्हणजे ते चाक. ती टायर साफ करायला बसली की मी चाक धरायची. ती हळूहळू सांगायची, मी ऐकायची. आमच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडखाली आतला चीक वाळतो, दुधावर साय धरावी तसा टायरला आतून चिकटून बसतो, मग तो काट्याच्या काही उपयोगाचा राहत नाही. म्हणून चाक काढून कानाशी हलवायचं. आत खळखळ वाजलं तर चीक आहे, नाही वाजलं तर नवा घालायचा. बाजारात नारळ घेताना आपण बघतो तसं. एकदा मी चाचांच्या दुकानासमोर चाक कानाला लावून हलवत होते तर ते म्हणाले, "काय भाभी, चटणी करून ऱ्हायले का टायरची?" माझी मुलगी हसली. तोंडावर हात ठेवून, पण हसली.

हवेचंही तसंच. आमच्याकडे जो येईल तो टायर दाबून म्हणायचा, हवा कमी आहे. एकदा ह्यांनी मायेने भरपूर हवा मारून ठेवली. तिने निम्मी सोडून दिली. "घट्ट चाक दगडावरून उडतं, पप्पा. मऊ असलं की जमिनीला धरून चालतं." मला ती अंगठ्याने दाबायला शिकवायची. पिकत आलेल्या पेरूइतकं दबलं पाहिजे.

यंदा थंडी ओसरायला लागली तेव्हा एक दिवस ती म्हणाली, "आई, आज्जीच्या गावाकडं शर्यत आहे. माळावरची, लांबची. सकाळी निघायचं ते दुपारपर्यंत."

"कोण कोण जाणार?"

"ओळखीचं कुणीच नाही. म्हणून तर जायचंय."

मला ते समजलं. नांदेडात ती परत आलेली मुलगी होती. लातुरात ती हॉस्टेलातून घरी पाठवलेली मुलगी होती. तिथे ती नुसती एक सायकलवाली असणार होती.

आम्ही दोघी ओळखीच्या टेम्पोत सायकल टाकून दोन दिवस आधी मायकडे गेलो. आदल्या दिवशी सकाळी ती शर्यतीच्या वाटेवर सायकल फिरवून आली. तुरी काढून झालेल्या, रानात नुसती धसकटं उभी, बांधावर सराट्याचे काटे. टायर सराट्यांनी भरून आले होते. मी बघितलं तसं ती म्हणाली, "असू दे. धरून बसलेत ते. मैदानावरून आल्यावर एकेक काढू." शर्यतीचा नंबर आणायला आम्ही मैदानावर गेलो.

परत आलो तेव्हा माय ओट्यावर बसली होती. सायकल उलटी करून ठेवलेली. मायच्या हातात पिन, आणि शेजारी डब्याच्या झाकणात सराट्यांचा ढीग. चेहऱ्यावर समाधान.

"एवढे काटे घेऊन लेकरू फिरून ऱ्हायलं," ती मला म्हणाली, "अन् तू माय हाईस का कोण? मागलं चाक साफ केलंय बघ. एक बी मोडला न्हाई."

मागचं चाक पार बसलं होतं. चाक न फिरवता तिने काटे ओढले होते. चीक खाली साचलेला आणि वरची सगळी भोकं उघडी. माझ्या मुलीने पंप लावला. हवा जितकी जायची तितकी फुसफुसत बाहेर यायची. चिकाची बाटली नांदेडलाच राहिली होती. लातूरला ती मिळाली असती, पण तिथे जाऊन येईपर्यंत दुकानं बंद झाली असती.

तिच्या तोंडावरचं सगळं हळूहळू विझलं. तो चेहरा मी ओळखत होते. एसटीच्या खिडकीशी बसलेला चेहरा.

माय घाबरली. "काय केलं गं मी?"

"काही नाही, आज्जी."

तिने आदळआपट केली असती तर मला बरं वाटलं असतं. 

तिच्या पिशवीत दोन साध्या ट्यूबा होत्या. त्यातली एक घालायची ठरली. पण ट्यूब घालायची तर आतून आलेलं एकही टोक राहता कामा नये. तेव्हा माय पुढे झाली. "आण इकडं. मला दिसत न्हाई, पर बोटाला कळतंय." टायरच्या आतून तिने बोटं फिरवली, सावकाश, सगळीकडून. पुढच्या चाकाला तिने हात लावला नव्हता, ते तसंच ठेवलं. मागच्या चाकात बारीक टोकं निघाली. मायच्या बोटाला रक्त आलं. तिने ते पदराला पुसलं आणि मुलीकडे बघितलं. मुलगी ट्यूबकडे बघत होती.

सकाळी मी म्हणाले, "नाही गेलीस तरी चालतंय बरं."

"मला जायचंय." त्या दोन शब्दांत एवढा जोर होता की मी बाजूला झाले.

मायही आमच्याबरोबर मैदानावर आली. तिथे मांडव होता, माइकवर एक टोपीवाला माणूस बोलत होता, पोहे होते, केळी होती. लातूरचे, नांदेडचे, आणखी कुठकुठले लोक, सगळे चकचकीत कपड्यांतले. माझी मुलगी सलवारवर बूट घालून त्यांच्यात उभी राहिली. कुणी तिला काही विचारलं नाही. एका मुलीने तिच्या सायकलकडे बघून काहीतरी म्हटलं आणि माझ्या मुलीने उत्तर दिलं. मला लांबून एवढंच दिसलं, पण त्यावर माझे पुढचे दोन तास निघाले.

मग सायकली परत यायला लागल्या. आधी पुरुष, मग काही मुली, मग पोट सुटलेले दोन सर, टाळ्यांच्या गजरात. ती आली नाही. मांडवातले लोक जेवायला बसले. ती आली नाही. मोबाईल बंद लागत होता. मागून येणारी पिकअप गाडी आली, तिच्यातल्या पोराने सांगितलं की शेवटच्या पाण्याच्या टेबलापाशी हा नंबर पोचलाच नाही, वाटेतही कुणी दिसलं नाही.

आदल्या दिवशी शर्यतीच्या वाटेवरून फिरून आल्यावर तिने मला सांगितलं होतं की मध्ये एक तलाव लागतो. खूप शांत आहे, असं म्हणाली होती.

मी कंडक्टर सोडला तर अनोळखी पुरुषाशी कधी बोललेली नाही. दुकानातही हे असले तर हेच बोलतात. मी त्या टोपीवाल्यापाशी गेले. "साहेब, माझी मुलगी."

"येईल हो ताई. पंक्चर झालं असंल. तुम्ही जेवून घ्या."

मी परत आले. मायने माझ्याकडे बघितलं. मी पुन्हा गेले. "साहेब, माझी मुलगी आली नाही."

"ताई, गाडी पाठवतो ना थोड्या वेळानं. शर्यतीत असं होतंय."

तेव्हा मी बोलले. मोठ्याने बोलले असणार, कारण जेवणारे थांबले. "तिला एकटं सोडायचं नाही. डॉक्टरांनी सांगितलंय. लातूरच्या क्लासहून तिला आम्ही त्याच्यासाठीच घरी आणलंय. तिथं तलाव आहे, साहेब. आत्ता जा."

त्या माणसाचा चेहरा बदलला. त्याने जागच्या जागी हातातली प्लेट ठेवली. दोन मोटारसायकली निघाल्या, पिकअप वळली. एका सायकलवाल्या बाईने माझा हात हातात घेतला. मांडवात कुजबुज सुरू झाली आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली. ती कुजबुज मला कळत होती, आणि मला तिची पर्वा नव्हती.

ती रस्त्याने आलीच नाही. मैदानाच्या मागच्या उसाच्या फडाच्या बाजूने आली, सायकलवर बसून, अगदी हळू. चाकाचा खसखस आवाज येत होता. मागच्या टायरच्या कडेने उसाचं पाचट बाहेर डोकावत होतं. अंगभर धूळ, गालावर ओरखडा, आणि ती हसत होती.

"आई, बघ काय केलं! धसकटानं पहिली ट्यूब गेली, मग दुसरी पण. मोबाईल पण बंद पडला. पाण्याच्या टेबलाकडं चालत निघाले तर वाटेत ऊसतोड चालू होती. तिथल्या मावशी म्हणाल्या, हवा न्हाई तर पाला भर की बाई. दोघींनी पाचट पिळून पिळून भरलं. त्यांनीच आडवाट दाखवली. चालतंय! थोडं हबकतंय, पण चालतंय!"

एवढं बोलेपर्यंत लोक धावत आले. त्या सायकलवाल्या बाईने तिच्या खांद्याभोवती हात टाकला. "बाळा, बरी आहेस ना? परीक्षा म्हणजे सगळं नसतं हं. आयुष्य मोठं असतं." टोपीवाला फोनवर सांगत होता, सापडली, सापडली. ज्या मुलीशी ती सकाळी बोलली होती, ती आता लांबून दयेने बघत होती.

माझ्या मुलीने त्या बाईकडे बघितलं. मग माझ्याकडे.

घरी जाताना ती सायकल ढकलत पुढे चालली. गल्लीच्या तोंडाशी ती थांबली. मग म्हणाली, "सांगितलंस तू."

"हो."

"आज्जीनं टायरमधले काढले, आणि तू..."

माय मध्ये पडली. "काय बोलायचं ते मला बोल. मायला बोलू नको. काटा आत ठेवू न्हाई म्हणून म्या काढला."

आणि ती ओरडली. भर गल्लीत, सगळी दारं उघडी असताना. "ठेवतेत, आज्जी! ठेवतेत! घरी येईपर्यंत ठेवतेत! कुणी सांगितलं होतं काढायला? कुणी सांगितलं होतं तुम्हा दोघींना?"

किती दिवसांत तिचा एवढा मोठा आवाज मी ऐकला नव्हता. माय रडायला लागली. मला रडू आलं नाही. मला वाटलं, ओरड अजून.

नांदेडला आल्यावर सायकल शेडखाली उभी राहिली. ती पुन्हा "हं" आणि "नको" बोलायला लागली. मी भांडी घासून झाली की दुपारी जाऊन चाकं थोडी फिरवून ठेवायची. मागच्या चाकातलं पाचट तिने काढून नवा चीक भरला होता, तेवढं एक केलं होतं. एका जागी उभं राहिलं की तो तळाशी थिजतो.

मी पुष्कळ विचार केला. तो तलाव तिथे होता आणि ती आली नव्हती. पुन्हा तसं झालं तर मी पुन्हा बोलेन. आणखी लवकर बोलेन. पण जिथे तिला कुणी ओळखत नव्हतं अशी एकच जागा तिने शोधली होती, आणि ती आता राहिली नाही. हे दोन्ही खरं आहे. एकाने दुसरं पुसलं जात नाही.

परवा सकाळी शेडखाली सायकल नव्हती. मी दारात उभी राहिले. उन्हं चढली, भात गार झाला. ती आली, सायकल टेकवली, आणि मी काही विचारायच्या आत म्हणाली, "वसमतच्या रस्त्यानं गेले होते." कुठल्या रस्त्याने गेली ते याआधी तिने कधी सांगितलं नव्हतं.

मागच्या टायरमध्ये एक बाभळीचा काटा होता. त्याच्याभोवती पांढऱ्या चिकाचं ओलं कडं. माझा हात त्याच्याकडे गेला. ती तांब्याने पाणी पिता पिता माझ्याकडे बघत होती. मी हात मागे घेतला.

"चाक फिरवून ठेव," ती म्हणाली. "काटा खाली येऊ दे. चीक तिथं जमतो."

मी चाक फिरवलं, काटा खालच्या बाजूला आणला. वाकून कान जवळ नेला आणि चाक जरासं हलवलं. आत खळखळ झाली. थोडीच, पण झाली.